महापालिकेच्या गट मेडिक्लेमचा प्रीमियम ८२ टक्क्यांनी वाढला, तर आधी काय मागायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महापालिकेत १,२०० कायम कर्मचारी आहेत. प्रत्येक कुटुंबाला ३ लाखांचा फ्लोटर विमा (सगळ्यांत मिळून एकच रक्कम) आहे आणि त्यात पती-पत्नी, दोन मुले आणि आई-वडील येतात. चालू वर्षाचा प्रीमियम जीएसटी सोडून १ कोटी ८० लाख होता. पॉलिसी ३१ मार्चला संपते आणि कंपनीने पुढच्या वर्षासाठी ३ कोटी २७ लाख मागितले आहेत. प्रशासन म्हणते, वाढीव रक्कम पगारातून कापू, नाहीतर आई-वडिलांना वगळू. युनियनमध्ये काही जणांना कंपनी बदलायची आहे, तर काहींना योजनाच बंद करून ज्याने-त्याने आपली पॉलिसी घ्यावी असे वाटते. एवढी वाढ कंपनीला करता तरी येते का, असेही तुम्ही विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. करता येते. ‘वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करता येत नाही’ हा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा नियम सध्या सगळीकडे सांगितला जातो. तो जानेवारी २०२५ चा आहे आणि ज्येष्ठ नागरिकांच्या वैयक्तिक पॉलिसींसाठी आहे. गट विम्याचा दर दरवर्षी नव्याने ठरतो आणि तो मुख्यतः तुमच्याच गटाच्या क्लेमवरून ठरतो. त्यामुळे ‘नियमाविरुद्ध आहे’ म्हणून पत्र पाठवलेत तर दोन आठवडे जातील आणि हाती काही लागणार नाही.

प्रशासनाचे दोन पर्याय आणि युनियनचे दोन, या चारही पर्यायांत एक प्रश्न कोणी विचारलेला नाही: ३ कोटी २७ लाख हा आकडा आला कुठून? तो उलगडल्याशिवाय तुम्ही काहीही निवडले तरी पुढच्या मार्चमध्ये पुन्हा इथेच उभे राहाल. गट विम्याच्या रिन्यूअलमध्ये कंपनीशी घासाघीस होते ती क्लेमच्या तक्त्यावर. ज्याच्याकडे तक्ता नाही, त्याला फक्त ‘जास्त वाटते’ एवढेच म्हणता येते.

तुम्ही दिलेल्या गोषवाऱ्यात एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत १ कोटी ५३ लाखांचे क्लेम दिले गेले आहेत आणि १८ लाखांचे प्रलंबित आहेत. म्हणजे १ कोटी ७१ लाख. नऊ महिन्यांच्या वाट्याचा प्रीमियम होतो १ कोटी ३५ लाख. क्लेम रेशो, म्हणजे क्लेमचे प्रीमियमशी प्रमाण, जवळपास १२७ टक्के. आता कंपनी पुढे काय करते ते पाहा. १ कोटी ७१ लाखांना नऊने भागून बाराने गुणले की वर्षाचे २ कोटी २८ लाख होतात. उपचार झाले पण बिले अजून आलेली नाहीत, अशा क्लेमसाठी ५ टक्के वाढवले की २ कोटी ३९ लाख ४० हजार. उपचारांची महागाई म्हणून १२ टक्के धरले की २ कोटी ६८ लाख. टीपीएची (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची) फी, ब्रोकरचे कमिशन, कंपनीचा खर्च आणि थोडा नफा यांसाठी प्रीमियमचे १८ टक्के बाजूला ठेवायचे, म्हणजे २ कोटी ६८ लाख हे प्रीमियमच्या ८२ टक्के झाले पाहिजेत. भागाकार केला की बरोबर ३ कोटी २७ लाख येतात. तुम्हाला आलेला आकडा याच पद्धतीने आला आहे, हवेतून नाही. मात्र यातला प्रत्येक टप्पा तपासता येतो.

एक हिशोब लक्षात ठेवा. नऊ महिन्यांच्या तक्त्यात १ लाखाचा एक चुकीचा क्लेम असेल, तर वरच्या साखळीतून जाताना त्याचा १ लाख ९१ हजारांचा प्रीमियम होतो आणि जीएसटी धरून सव्वादोन लाख. म्हणून तक्त्यातली घाण काढणे हे सगळ्यात स्वस्त काम आहे. त्यासाठी कोणाच्याही सवलतीला हात लावावा लागत नाही.

तर टीपीएकडून पीडीएफ गोषवारा घेऊ नका. क्लेमनिहाय एक्सेल मागा. त्यात क्लेम नंबर, भरतीची तारीख, रुग्णाचे नाते आणि वय, रुग्णालय, निदान, मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम आणि आजची स्थिती एवढे रकाने हवेत. रुग्णाचे नाव लागत नाही, ते वगळूनच मागा. सहकाऱ्यांचे आजार युनियनच्या व्हॉट्सअॅपवर फिरता कामा नयेत. पत्र प्रशासनामार्फत जाऊ द्या, कारण पॉलिसीधारक महापालिका आहे आणि माहिती मागण्याचा हक्क तिचा आहे.

एक्सेल आली की आधी ‘प्रलंबित’ एवढेच गाळून घ्या. दोन महिन्यांपेक्षा जुनी प्रत्येक ओळ संशयास्पद समजा. इथे नेहमी तीन गोष्टी सापडतात. कॅशलेसची पूर्वपरवानगी घेतली, पण रुग्ण भरतीच झाला नाही किंवा दुसरीकडे गेला, तरी राखीव रक्कम तशीच पडून असते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी २ लाख २० हजारांचा अंदाज दिला, बिल १ लाख ६५ हजारांवर मिटले, पण राखीव आकडा खाली आणला गेला नाही. आणि तिसरी म्हणजे नाकारलेला क्लेम ‘कागदपत्रे अपुरी’ या स्थितीत महिनोन्महिने उघडा राहतो. अशा ओळींची यादी करून टीपीएला लेखी पाठवा आणि ‘बंद करा किंवा कारण द्या’ असे विचारा. त्यानंतरचा सुधारित तक्ता घेऊनच कंपनीकडे नव्याने दर मागायचा.

रेशोच्या भाजकाकडे, म्हणजे प्रीमियमकडेही पाहा. वर्षात नव्याने रुजू झालेल्यांचा, नवजात बाळांचा, नवविवाहित पती-पत्नींचा प्रीमियम सीडी खात्यातून (कंपनीकडे आधीच भरून ठेवलेल्या ठेवीतून) कापला जातो. तो १ कोटी ८० लाखांवर वाढीव असतो. रेशो काढताना तो धरला आहे का ते विचारा. तो धरला नसेल तर तुमचा रेशो आहे त्याहून वाईट दिसतो.

नऊचे बारा करण्याची पद्धतही डोळे झाकून मान्य करू नका. एप्रिल ते डिसेंबरमध्ये अख्खा पावसाळा येतो. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड यांच्या भरत्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये साठलेल्या असतात. जानेवारी ते मार्च हे महिने तुलनेने शांत जाऊ शकतात, आणि तसे असेल तर सरळ बाराने गुणणे तुमच्यावर अन्याय करते. मात्र हे तुमच्या गावावर आणि तुमच्या गटावर अवलंबून आहे. मागच्या दोन वर्षांचे महिनावार आकडे काढा. शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी क्लेम येत असतील तर तेवढी कपात मागा. जास्त येत असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

१२ टक्के महागाईवर मात्र ठामपणे बोला. ज्या क्लेममध्ये ३ लाखांची मर्यादा आधीच संपली आहे, किंवा ज्या आजाराला ठरावीक रकमेची सीमा आहे, तिथे रुग्णालयाने दर वाढवले तरी कंपनीचे देणे वाढत नाही. वाढ कर्मचाऱ्याच्या खिशातून जाते. रूम रेंटची मर्यादाही ३ लाखांच्या टक्क्यात बांधलेली आहे, तीही वाढत नाही. म्हणून अशा पॉलिसीला पूर्ण १२ टक्के लावणे जास्तीचे आहे. ८ टक्क्यांवर आणले तर एवढ्या एकाच बदलाने प्रीमियम सुमारे ११ लाख ७० हजारांनी उतरतो.

मग कुटुंबांची यादी. पती-पत्नी दोघेही पालिकेत असतील तर त्यांची नावे दोन कुटुंबांत असतात आणि त्यांच्याकडे दोन फ्लोटर मिळून ६ लाखांचे संरक्षण असते. दोन भाऊ पालिकेत असतील तर आई-वडील दोघांच्याही यादीत असतात. वारलेल्या पालकांची नावे राहिलेली असतात, वयोमर्यादा ओलांडलेली मुले राहिलेली असतात. प्रीमियम दर माणशी असेल तर ही नावे कमी केली की पैसे सरळ कमी होतात. दर कुटुंबामागे असेल तर लगेच फरक दिसत नाही, पण पुढच्या दरासाठी गटाचे सरासरी वय आणि संख्या बरोबर जाते. आस्थापना विभागाने सेवापुस्तकावरून यादी ताडून घेतली पाहिजे. स्वयंघोषणापत्र भरून घेणे पुरेसे नाही.

एवढे करून प्रीमियम कदाचित २ कोटी ९० लाखांच्या आसपास येईल, कदाचित ३ कोटींच्या खाली उतरणारही नाही. तुमचा तक्ता किती स्वच्छ आहे त्यावर ते आहे. पण १ कोटी ८० लाखांवर तो परत जाणार नाही. ते स्वप्न सोडा. वर्षाला सव्वादोन कोटींचे उपचार घेणाऱ्या गटाला १ कोटी ८० लाखांत कोणी विकणार नाही, आणि विकलेच तर एकाच वर्षासाठी. उरलेली दरी भरायला पॉलिसीच्या रचनेत बदल करावे लागतील.

त्यात पहिला विषय आई-वडिलांचा, कारण सगळे तिथेच अडले आहेत. तक्ता नात्यानुसार बेरीज करून पाहा. बहुतेक गटांत पालक संख्येने कमी आणि क्लेममध्ये जास्त असतात. पण त्यांना वगळणे हा मला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो. ६८ वर्षांच्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाला उद्या बाहेर स्वतंत्र पॉलिसी मिळणे अवघड आहे. मिळाली तरी आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. गटात त्यांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. ते एकदा तोडले की पुन्हा जोडणे महाग पडते.

त्याऐवजी पालकांच्या क्लेमवर १० टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा कर्मचाऱ्याने भरायचा, असे मागून पाहा. समजा निम्मे क्लेम पालकांचे असतील, तर एकूण क्लेम ५ टक्क्यांनी कमी होतात. शिवाय स्वतःचे १० टक्के जाणार असले की माणूस बिल वाचतो, खोली बघून घेतो, आणि त्याचा परिणाम ५ टक्क्यांहून थोडा जास्त होतो. दीड लाखाच्या बिलात कर्मचाऱ्याचे १५ हजार जातात. चतुर्थ श्रेणीतल्या माणसाला ते जड आहेत हे मान्य, पण पालकच बाहेर गेले तर पूर्ण दीड लाख जातात. २० टक्क्यांच्या वर को-पे नेऊ नका. मग विमा नावापुरता उरतो. दुसरा मार्ग म्हणजे ३ लाखांच्या आतच पालकांना दीड किंवा दोन लाखांची उपमर्यादा. यात छोटे क्लेम पूर्ण मिळतात आणि कमी पडते ते मोठ्या आजारात. मला को-पे जास्त न्याय्य वाटतो, कारण खरी गरज मोठ्या आजारातच असते.

‘पालकांची वेगळी ऐच्छिक पॉलिसी करू, ज्याला हवी तो पैसे भरेल’ ही सूचना बैठकीत हमखास येते. ऐकायला बरी वाटते, पण ती कशी कोसळते ते समजून घ्या. पहिल्या वर्षी ज्यांच्या पालकांचे ऑपरेशन ठरलेले आहे ते सगळे येतात, धडधाकट पालक असलेले थांबतात. क्लेम रेशो २०० टक्क्यांवर जातो. दुसऱ्या वर्षी दर दुप्पट होतो, त्यामुळे मध्यम आजारी पालकांची मुले बाहेर पडतात. तिसऱ्या वर्षी कंपनी दरच देत नाही. ऐच्छिकच करायची असेल तर दोन अटी घाला: तीन वर्षे बाहेर पडता येणार नाही, आणि आज नाकारले तर नंतर प्रवेश नाही. शिवाय किमान निम्मे पात्र कर्मचारी आले तरच योजना सुरू करायची.

७० वर्षांवरच्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये ७० वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. त्याचे वय वंदना कार्ड आधारवर निघते आणि खासगी मेडिक्लेम असला तरी ते घेता येते. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली आहे. तुमच्या शहरातली कोणती रुग्णालये या योजनांत आहेत आणि ती कोणते उपचार करतात, यावर खरा उपयोग ठरतो. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून चौकशी करा. पालकांचे काही मोठे उपचार तिकडे गेले तर ३ लाखांचा फ्लोटर बाकीच्या कुटुंबासाठी शिल्लक राहतो आणि गटाचा रेशोही उतरतो. आस्थापना विभागाने एक दिवस शिबिर घेऊन सगळ्या पात्र पालकांची कार्डे काढून द्यावीत. पालिकेला हे सहज जमते.

रूम रेंटच्या मर्यादेबद्दल कर्मचाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त राग असतो, आणि तो गैरसमजातून येतो. तुमची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० आहे. समजा एखाद्याने ६,००० ची खोली चार दिवस घेतली. खोलीचे २४,०००, डॉक्टर, नर्सिंग आणि ऑपरेशन थिएटरचे ८०,०००, औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांचे ६०,०००. बिल १ लाख ६४ हजार. त्याला वाटते, खोलीच्या फरकाचे १२,००० आपले. प्रत्यक्षात मर्यादा खोलीच्या दराच्या निम्मी असल्याने डॉक्टर, नर्सिंग आणि थिएटरचेही निम्मेच मिळतात, म्हणजे ४०,०००. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी प्रमाणशीर कपात लावता येत नाही, ते ६०,००० पूर्ण मिळायला हवेत. खोलीचे १२,००० धरून मिळाले १ लाख १२ हजार आणि खिशातून गेले ५२,०००. दोन गोष्टी करा. भरतीच्या वेळी ‘३,००० पर्यंतचीच खोली’ असे लिहून द्यायला सगळ्यांना सांगा. आणि मंजुरीपत्रात औषधांवर किंवा इम्प्लांटवर कपात दिसली तर टीपीएकडे लेखी हरकत घ्या. प्रीमियम कमी करण्यासाठी ही मर्यादा आणखी खाली आणू नका. शहरात ३,००० मध्ये खोली मिळत असेल तर ठीक, मिळत नसेल तर आधीच लोक मार खात आहेत.

आता असे काम, जे जवळजवळ कुठलीच पालिका करत नाही. तक्ता रुग्णालयानुसार लावा. मध्यम शहरात बहुतेक क्लेम पाच-सहा रुग्णालयांतच जमलेले दिसतील. मग एकाच निदानाचे सरासरी बिल रुग्णालयानुसार काढा: सिझेरियन, मोतीबिंदू, अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय, मुतखडा, आणि तापाची तीन दिवसांची भरती. याच सात प्रकारांत फरक उघडा दिसतो. तो हातात घेऊन आयुक्तांच्या दालनात टीपीए आणि त्या रुग्णालयांची बैठक लावा आणि पॅकेजचे दर लेखी ठरवून घ्या. वर्षभर हुकमी रुग्ण मिळणार असतील तर रुग्णालये दर देतात. सरकारी विमा कंपन्यांचे पीपीएन दर, म्हणजे निवडक रुग्णालयांशी केलेले पॅकेज दर, काही शहरांत आधीच ठरलेले आहेत. तुमची कंपनी त्यांपैकी असेल तर ते लागू होतात का ते विचारा. या कामाचा परिणाम यंदाच्या दरात दिसणार नाही, पुढच्या वर्षी दिसेल. टिकणारी बचत मात्र यातूनच होते, कारण यात कर्मचाऱ्याचे काहीच कमी होत नाही.

कंपनी बदलण्याबद्दल. निविदा जरूर काढा, पण नव्या कंपनीलाही हाच तक्ता दाखवावा लागतो आणि तीही हीच साखळी लावते. एखादी कंपनी पाय रोवायला २ कोटी २० लाखांत येईल. पहिल्या सहा महिन्यांत तिला तोटा दिसेल, मग क्लेमची तपासणी कडक होईल, शंकापत्रे वाढतील, आणि पुढच्या मार्चला साडेतीन-चार कोटींची मागणी येईल. गट विमा आणि सर्वांत कमी दराची निविदा यांचे म्हणूनच फारसे जमत नाही. निविदेत टीपीएची स्थानिक प्रतिनिधी-सेवा, शहरातल्या कॅशलेस रुग्णालयांची नावे, दर महिन्याला क्लेमचा तक्ता देण्याची अट आणि चालू सवलतींची शब्दशः प्रत जोडा. दर तीन प्रकारे मागा: आहे तशी रचना, पालकांवर १० टक्के को-पे, आणि पालकांना २ लाखांची उपमर्यादा. तिन्ही दर एकाच कागदावर आले की युनियनच्या बैठकीत वाद कमी आणि निर्णय लवकर होतो.

योजना बंद करून प्रत्येकाने आपली पॉलिसी घ्यावी, यामागे जीएसटीचा मुद्दा आहे आणि तो खरा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. गट पॉलिसीवर १८ टक्के कायम आहे. ३ कोटी २७ लाखांवर ते जवळपास ५९ लाख होतात. तरीही योजना मोडू नका. तिशीतल्या निरोगी क्लार्कला बाहेर स्वस्त पडेल, पण पन्नाशीच्या मुकादमाला आणि त्याच्या पालकांना पडणार नाही. या सवलतीचा उपयोग वेगळ्या रीतीने करता येतो. गटाचा विमा ३ लाखांवरच ठेवा, तो ५ लाख करण्याची मागणी सध्या बाजूला ठेवा, आणि ज्यांना परवडते त्यांनी ३ लाखांच्या वजावटीचे वैयक्तिक सुपर टॉप-अप (३ लाखांच्या वरचा खर्च देणारी पॉलिसी) घ्यावे. पहिले ३ लाख गट विमा देतो म्हणून टॉप-अपचा हप्ता माफक असतो आणि त्यावर जीएसटीही नाही.

मुंबई महानगरपालिकेची २०१५ मध्ये सुरू झालेली गट विमा योजना प्रीमियमच्या वादावरून २०१७ मध्ये बंद पडली. बंद करणे सोपे असते, पुन्हा उभी करणे कठीण. दुसऱ्या बाजूला पुणे महापालिका विमा कंपनीशिवाय अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना चालवते. वेतनातून अंशदान घेते आणि मोठा भार स्वतः उचलते. तुमच्यातले काही जण ते सुचवतीलच. १,२०० कर्मचाऱ्यांच्या गटाला मी ते सुचवणार नाही. एखाद्या वर्षी क्लेम ३० टक्क्यांनी वाढले तर फरक भरायला राखीव निधी लागतो. तो नसला की रुग्णालयांची बिले थकतात आणि कॅशलेस बंद होते.

वाढ कोणी किती सोसायची, हा युनियनचा खरा लढा असायला हवा. जीएसटीसह प्रति कर्मचारी खर्च १७,७०० वरून ३२,१५५ होतो. फरक महिन्याला साधारण १,२०५ रुपये. सगळ्यांकडून सरसकट १,२०५ कापले तर सातव्या वेतन आयोगाच्या एस-१ स्तरावर, १५,००० मूळ वेतन असलेल्या सफाई कामगाराचे ८ टक्के जातात आणि ५६,१०० मूळ वेतनाच्या अधिकाऱ्याचे २ टक्क्यांच्या आसपास. म्हणून रक्कम सरसकट न ठेवता मूळ वेतनाच्या टक्क्यात मागा, आणि पालिकेचा वाटाही रुपयांत न गोठवता एकूण प्रीमियमच्या टक्क्यात ठरवून घ्या. नाहीतर पुढची प्रत्येक वाढ फक्त कर्मचाऱ्यांवर पडेल. पगारातून कापलेल्या आपल्या वाट्यावर आयकरात आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट (१९६१ च्या कायद्यातले कलम ८० डी) मिळते, मात्र जुन्या करप्रणालीतच. कंत्राटदाराकडचे कामगार या पॉलिसीत नसतात. त्यांचा पगार २१,००० पर्यंत असेल तर त्यांची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नोंदणी आणि कंत्राटदाराचा ३.२५ टक्के भरणा दर महिन्याच्या देयकासोबत तपासला जावा, एवढे प्रशासनाकडून लिहून घ्या.

शेवटी तारखांचे. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार प्रीमियम आधी कंपनीच्या हातात पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. स्थायी समितीची मंजुरी झाली, कार्यादेश निघाला, पण लेखा विभागात मार्चअखेरच्या बिलांच्या गर्दीत आरटीजीएस ४ एप्रिलला गेले, तर १ ते ३ एप्रिल या दिवसांतल्या भरतीला कोणी वाली नाही. त्यामुळे वेळ कमी पडते असे दिसताच चालू कंपनीकडे ३० जूनपर्यंत दिवसांच्या प्रमाणात प्रीमियम भरून मुदतवाढ मागा. दर वाढीव लागेल, तरी फायद्याचे आहे. पूर्ण बारा महिन्यांचा तक्ता हातात येतो, नवा अर्थसंकल्प मंजूर झालेला असतो, आणि पॉलिसीची तारीख कायमची १ जुलै झाली की मार्चअखेरची धावपळ दरवर्षी टळते.

मुदतवाढ मिळो वा न मिळो, यंदा निवृत्त होणाऱ्यांची यादी आजच काढा. १ जून ही जन्मतारीख असलेले सगळे ३१ मे रोजी बाहेर पडतात आणि त्याच दिवशी त्यांचे गट संरक्षण सहसा संपते. त्यांना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येते आणि गटात काढलेली वर्षे आधीच्या आजारांच्या प्रतीक्षा कालावधीतून वजा होतात. पण अर्ज संरक्षण चालू असतानाच करावा लागतो. निवृत्तीच्या किमान दीड-दोन महिने आधी, मागच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी प्रती आणि आस्थापना विभागाचे ‘अमुक तारखेपासून सलग समाविष्ट’ असे पत्र जोडून अर्ज द्यायला सांगा आणि त्याची पोच जपून ठेवायला सांगा.